काशीआत्याचा आवाज

देवरूख,
१२ फेब्रुवारी १९८६

प्रिय केरू,

शाळेच्या मधल्या सुट्टीत लिहिते आहे, कारण घरी आत्यासमोर लिहवणार नाही. इथल्या एस.टी. स्टँडवरच्या हॉटेलात सकाळपासून तुझीच कॅसेट लागलेली असते. इतके दिवस कानाडोळा करून पुढे जात होते. पण काल आपल्या घरात जे झालं त्याची मला किळस आली आहे, आणि ती तुझ्यापासून लपवायची माझी तयारी नाही.

मुंबईच्या ऑर्केस्ट्रात तू लोकांना हसवणारी हडळमावशी झालास, कॅसेटवर तुझं चित्र आलं, तेव्हा मलाच कोण आनंद झाला होता. हा माझा धाकटा भाऊ म्हणून वर्गात मुलांना सांगत सुटले. मग कॅसेट ऐकली. पिंपळावरून हडळ ओरडते, "जेवलास काय रे?" आणि लोक खो खो हसतात. घसा फाटलेला, मध्येच शिट्टी वाजल्यासारखा तुटणारा आवाज. अरे, तो काशीआत्याचा आवाज आहे. गळ्याच्या दुखण्यात तिचा घसा गेला तो कायमचा, पण त्याच आवाजात ती रोज तिन्हीसांजेला अंगणाच्या दगडी गडग्यावर उभी राहून आपल्याला हाका मारायची. आई गेल्यावर आपण जेवलो की उपाशी आहोत हे विचारणारी ती एकटीच होती. खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पुष्कळ पाहिले. तू तर ते वासे विकायलाच काढलेस.

आत्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. दिवाळीत ती बाजाराला आली, भाजीवालीशी दोन शब्द बोलली आणि मागून पोरं ओरडायला लागली, हडळ आली, हडळ आली. मोठी माणसंही हसली. ती घरी आली ती गप्पच. तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द नाही. भात हवा असला तर ताटाकडे बोट दाखवते.

शिमग्यात तू बाईच्या सोंगात नाचणारी गोमू व्हायचास, आठवतं? आत्या आपलं हिरवं लुगडं तुला स्वतः नेसवायची, तोंडाला रंग फासायची. नाच संपला की तू विहिरीवर तोंड धुवायचास, लुगड्यात नारळ घालून ते तिच्या पायाशी ठेवायचास, मगच तुझं ताट वाढलं जायचं. सोंग उतरल्याशिवाय घरात पाऊल नाही, ही आपल्या वाडीची रीत. मुंबईला गेलास आणि ती नेमकी विसरलास.

काल शिमग्याच्या कमिटीतले हरिश्चंद्रदादा नारळ घेऊन आले. पालखीच्या दिवशी तुझा कार्यक्रम ठेवलाय, आणि शेवटी आत्याला स्टेजवर तुझ्या शेजारी उभी करायची आहे. लोकांना खरी हडळ बघायला मिळेल, जाम मजा येईल, म्हणाले. मला वाटलं, हे त्यांच्याच डोक्यातून निघालं. तर म्हणाले, नाही हो, केरूनेच तसा निरोप धाडलाय. त्यांचा नारळ मी त्यांच्याच हातात परत ठेवला. तुलाही सांगते, आत्या स्टेजवर येणार नाही. लाज कोळून प्यायलास रे.

आत्या दाराआडून सगळं ऐकत होती. दादा गेल्यावर तिने पेटीतून ते हिरवं लुगडं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं, भाच्याच्या नावासाठी ही स्टेजवर चढायलाही तयार झाली, आणि मी तिच्यावरच चिडले. तिने नाही म्हणून मान हलवली. लुगड्याची घडी उलगडून त्यावरून हात फिरवला. आणि दिवाळीनंतर पहिल्यांदा ती बोलली, त्याच तुझ्या कॅसेटमधल्या आवाजात. एवढंच विचारलं, "जेवाय येल काय गो तो?" म्हणून हे पत्र. तिला काय सांगू ते कळव. येणार असलास तर नारळ घेऊन ये, आणि विहिरीवर तोंड धुऊन ये.

तरीही तुझीच,
गंगाताई