चणे, मूग आणि डॅनिश कविता

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले आहे, कारण परवा तुमच्यामुळे माझी लाज राहिली आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नसणार.

आम्ही इकडे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समध्ये एकविसाव्या मजल्यावर राहतो. मुलगी अकरावीत. तिच्या शाळेतल्या डॅनिश मॅडमनी स्वतःच्या भाषेतली एक कविता वाचून, रेकॉर्ड करून पाठवली. अर्थ शोधायचा नाही, फक्त रचना आणि नाद यांवर लिहायचं. पोरगी दोन दिवस लॅपटॉपपुढे डोकं धरून बसलेली. मॅडमचा आवाज असा, की जणू गरम भजं तोंडात फिरवत बोलताहेत. पोळी लाटता लाटता मी म्हटलं, "मी ऐकू का जरा?" "आई, प्लीज. यू आर ओन्ली टेन्थ पास." वाईट मनाने नाही बोलली. कोणी मजला विचारल्यावर एकविसावा सांगावा, तसं बोलली. म्हणूनच जास्त लागलं.

आणि एकदम मी तुमच्या आठवीच्या वर्गात उभी आहे. बाकावर तुम्ही चिंचोके मांडायला लावले आहेत, गुरूला अख्खा, लघूला फोडलेला. मी कविता घडाघडा वाचते आणि तुम्ही पट्टी आपटता. "वाण्याची यादी वाचतेस का गं? अर्थ कुठे पळून जात नाही. आधी कान दे!"

घरात चिंचोके नव्हते. गुरूला चणा, लघूला मूग, असं ताटात मांडत गेले. सगळं चुकलं. लांब-आखूड मोजून दोन ओळी काही जुळेनात, ताटात नुसती मिसळण. (दुसऱ्या दिवशी उसळ केली, टाकायचं कशाला.) पोरगी म्हणाली, "खलास, आई. लीव्ह इट." तेवढ्यात माझ्या हातांनी सवयीने गुरुवारच्या भजनातली टाळी धरली आणि कविता अलगद टाळीवर आली! ही माणसं लांबी मोजत नाहीत हो बाई, जोर मोजतात. एका ओळीत चार ठोके, पुढचीत तीन, परत चार, परत तीन. यमक फक्त तिनांच्या ओळींना. कडव्याच्या शेवटच्या ठोक्याला मॅडमचा श्वास घशात अडकतो, उचकी गिळावी तसा. आणि शेवटची ओळ प्रत्येक कडव्यात तीच. ध्रुवपद! म्हटलं, ही तर आरती. गॅस बंद केला, डोक्यावर ओढणी घेतली, पोरीलाही हात जोडून उभं केलं. ती हसत हसत उभी राहिली, पण टाळी मोजून सगळं लिहून घेतलं.

नंतर मॅडमनी वर्गात अर्थ सांगितला, तो पोरीने घरी आणला. बरणीतला खारवलेला मासा मीठ कमी पडल्याची तक्रार करतो आहे.

पोरगी हसून हसून जमिनीवर लोळली. मग उठून बसली. मॅडमनी तिचं लिखाण वर्गात वाचून दाखवलं होतं आणि विचारलं होतं, ही पद्धत कुठून घेतली ते खाली लिही. "आई, तुला हे कोणी शिकवलं?" चक्क मराठीत विचारलं, बाई, आणि माझ्याकडे अशी बघत होती, जसं पूर्वी कधी बघितलं नव्हतं. तुमचं नाव ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "कोणी नाही. ऐकलं की कळतं मला." तिने खाली लिहिलं, माय मदर.

देवापुढे दोनदा नाक घासलं, एकदा माशासाठी, एकदा तुमच्यासाठी. पण तिला अजून खरं सांगितलेलं नाही, आणि खरं सांगते, इतक्यात सांगणारही नाही. हे पत्र पोथीत ठेवते आहे. तिथे ती कधी हात लावत नाही.