चार बदामांच्या भावात

१ मार्च, रविवार
काल दवाखान्यात वजन शहाऐंशी भरलं. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याचं ऑपरेशन फुकट होईल, पण पंच्याहत्तरच्या आत या. नाहीतर नवा गुडघाही तुमच्या भाराने बसेल. वीस एप्रिलला पुन्हा तपासणार.
थोरली जुलैत बाळंत होईल. तिचं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघा झाला तर मी जाणार. नाही झाला तर तिची सासू जाणार, जिचा भात आजवर एकदाही मोकळा झालेला नाही. पहिलं नातवंड आहे.
सकाळच्या प्रार्थनेत देवाला अकरा किलोंचा शब्द दिला. गोड आजपासून बंद. चहातली साखर चहात मोडते, गोडात नाही. देवाला एवढं समजतं.

३ मार्च, मंगळवार
नर्सबाईंनी दिलेला चार्ट फ्रिजवर चिकटवला. सकाळी चार बदाम. अकराला एक सफरचंद. दुपारी माशाचा एक तुकडा आणि सॅलड. चार्ट छान आहे, फक्त आमच्या घरचा नाही. ह्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम बंद झाल्यापासून सफरचंद आमच्याकडे तापाशिवाय येत नाही.
पण मॅट्रिकला गणितात वर्गात पहिली आले होते, ते कधीतरी उपयोगी पडायचंच होतं. चार बदामांची किंमत काढली. तेवढ्यात दोन मुठी शेंगदाणे येतात. एका सफरचंदात केळी पाच. माशाच्या तुकड्यात बटाटे दीड किलो. अख्खा चार्ट असा पैशाला पैसा जुळवला. कुठे जास्त नाही, कुठे कमी नाही.
दीड किलो बटाटे एका बैठकीला जड जातील, म्हणून तीन वेळांत वाटले.

४ मार्च, बुधवार
पाच केळी संपवता संपवता बारा वाजले. लोक म्हणतात डाएट म्हणजे उपाशी राहणं. त्यांनी करून पाहावं.

८ मार्च, रविवार
केमिस्ट नुसतं काट्यावर उभं राहायचे पैसे घेतो. भंगारवाल्याकडे रद्दी घालायची होतीच, त्याच्या काट्यावर उभी राहिले. अठ्ठ्याहत्तर. एका आठवड्यात आठ किलो. डोळ्यांत पाणी आलं. देव कष्टाला पावतो.
रद्दीत मात्र त्याने लुबाडलं. दहा किलोचा गठ्ठा नऊ दाखवला. मी म्हटलं, काका, तुमचा काटा खातो. तर म्हणाला, बाई, काट्याला कुठे तोंड असतं. हा माणूस सुधारणार नाही. गेली पंधरा वर्षं बघते आहे.

११ मार्च, बुधवार
दोन स्वयंपाक परवडत नाहीत. आजपासून सगळ्यांनाच उकडलेला कोबी आणि पाव. ह्यांनी ताटाकडे पाहिलं आणि विचारलं, मला कोणता आजार झालाय ते तरी सांग. अर्धं ताटात ठेवून उठले. धाकट्याने पावाच्या कडा ठेवल्या. कॉलेजात जाणारा मुलगा, कडा ठेवतो. सासूबाईंचे दात नाहीत, त्यांनी पाव चोखून कोबी बाजूला केला. वर म्हणाल्या, खायला काळ नि भुईला भार झालीस तू, आणि शिक्षा आम्हाला.
अन्न टाकणं पाप. ओट्यापाशी उभ्याने सगळं संपवलं. बसून खातात ते जेवण. उभ्याने केली ती आवराआवर. शिवाय त्याचे पैसे आधीच ज्याच्या त्याच्या नावावर पडले आहेत, म्हणून माझ्या चार्टात धरलं नाही. एकच खर्च दोनदा लिहिणं ही अडाण्याची वही.

१५ मार्च, रविवार
काटा: अठ्ठ्याहत्तरच. पाया पक्का होतो आहे.
ओट्स घेतले. लहान पाकीट महाग पडतं, दहा किलोचं पोतं किलोमागे निम्म्यात. ह्यांनीच पोतं तीन मजले चढवून आणलं. वर आल्यावर म्हणाले, घोडा खाली बांधायचा की वर आणायचा.
थोरलीला फोन केला. म्हटलं, अकरातले आठ गेले, तुझ्या सासूला आतापासून सांगून टाक. ती म्हणाली, आई, थोडं थांबू या का. मी म्हटलं, डॉक्टरची परीक्षा आहे, आणि मी कधी नापास झालेली नाही.

२२ मार्च, रविवार
काटा: एकोणऐंशी. अंगात स्वेटर होता.
ओट्सला पोरकिडे दिसू लागले. घरात दुसरं कोणी तोंड लावत नाही. सकाळी एक वाडगा खात होते, आता दोन्ही वेळा दोन-दोन. पोतं नासलं तर किलोमागे पूर्ण भाव पडेल.

२८ मार्च, शनिवार
कडक उपास केला. पाण्याशिवाय काही नाही. सासूबाईंनीसुद्धा मान हलवली. संध्याकाळी वाचलेल्या जेवणाकडे पाहिलं. देवाच्या नावाने राखलेलं अन्न, नासवणार कसं. झाकून ठेवलं.

२९ मार्च, रविवार
कालचं आणि आजचं जेवले. काट्यावर गेले नाही. उपासाचा परिणाम लगेच दिसत नाही म्हणतात.

५ एप्रिल, रविवार
ह्यांनी खिळा तापवून पट्ट्याला नवं भोक पाडलं. म्हणाले, पँट गुडघ्यापर्यंत येते. मी म्हटलं, स्वस्तातलं इलॅस्टिक, ताणलं असेल. म्हणाले, पट्ट्यात इलॅस्टिक नसतं. ह्यांना वाद घालायची सवय आहे.
थोरलीचा फोन. तिने शेवटी सासूला सांगितलं. त्या बाईंनी मन मोठं करून रजेचा अर्ज मागे घेतला म्हणे. मी जुलैचं तिकीट काढायला सांगितलं. ऐनवेळी महाग पडतं.

१२ एप्रिल, रविवार
काटा: ऐंशी. काका म्हणाले, बाई, तुमची रद्दी घटते आणि तुम्ही वाढता. उलट उत्तर दिलं नाही. प्रार्थना करून निघाले होते.
पाच किलो, आठ दिवस. कठीण वाटतं, पण पहिल्या आठवड्यात सात दिवसांत आठ गेले होते. म्हणजे एक दिवस हाताशी शिल्लक राहतो. झालेलं आहे, ते पुन्हा होऊ शकतं.
जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर बसावं लागलं. तिथल्या बाईंनी खुर्ची बाहेर आणून दिली. घेतली नाही. मग घेतली.

१८ एप्रिल, शनिवार
आज सकाळपासून गरम पाणी. रात्रीपर्यंत टिकले असते, पण ह्यांनी ताटात भात ठेवला.

२० एप्रिल, सोमवार
एकोणनव्वद.
नर्सबाईंना म्हटलं, काटा बिघडलाय. त्यांनी शांतपणे ह्यांना वर उभं केलं. एकसष्ट. ह्यांच्या जुन्या केसपेपरवर फेब्रुवारीत सहासष्ट होतं. नर्सबाई म्हणाल्या, काटा ठीक आहे, ताई. मग ह्यांच्याकडे पाहून विचारलं, डाएट कोण करतंय तुमच्याकडे. हे म्हणाले, आम्ही दोघंही. मी करतो, ती खाते.
डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, ऑपरेशनची पुढची यादी वर्षाने. चार्ट पाळलात का. मी म्हटलं, पैशाला पैसा. त्यांना कळलं नाही. मी सगळं समजावून सांगितलं, बदाम, शेंगदाणे, मासा, बटाटे. त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, बाई, शरीर भाव विचारत नाही हो.
 बसमधून उतरताना ह्यांनी माझी पिशवी घेतली.

२१ एप्रिल, मंगळवार
थोरलीला सांगितलं.  ती म्हणाली, असू दे, आई, मी सासूबाईंना पुन्हा विचारते. मी म्हटलं, चौथ्या मजल्यावर मी थांबत थांबत चढेन. ती म्हणाली, आणि बाळाला घेऊन उतरशील कशी.  मग तीच म्हणाली, तू फोनवर सांग सगळं, अंघोळ कशी घालायची, कसं निजवायचं, मी फोन स्पीकरवर ठेवीन. सासूबाईंपर्यंतही पोचेल.
तिकिटाचे अर्धेच पैसे परत मिळणार.

२६ एप्रिल, रविवार
ओट्सचं रिकामं पोतं आणि रद्दीचा गठ्ठा घेऊन भंगारवाल्याकडे गेले. काट्यावर उभी राहिले. ऐंशी. तिथेच उभी राहिले. खाली उतरवेना. काकांनी विचारलं, काय झालं. सांगितलं.
काका डोकं खाजवत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, बाई, हा माल घ्यायचा काटा आहे. द्यायचा आत ठेवलाय.
पंधरा वर्षं भांडले मी ह्या माणसाशी. दर महिन्याला म्हटलं, तुमचा काटा दहाला एक खातो. हिशेब माझाच होता, तोंडपाठ होता. रद्दीला लावला. स्वतःला लावला नाही.
काकांनी आज रद्दीचे पूर्ण दहा किलोंचे पैसे दिले. मोजून घेतले. गठ्ठा खरा नऊचाच होता.
तीन मजले चढले. दोनदा बसले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंची खुर्ची आता बाहेरच असते.
देवाला म्हटलं, चुकलं. उद्यापासून नीट. चार बदाम म्हणजे चारच.
स्वयंपाकघरात आले तर सगळे जेवून उठले होते. धाकट्याने पावाच्या कडा ठेवल्या होत्या. ताट घेऊन कचऱ्याच्या डब्यापाशी गेले. झाकण उघडलं. तशीच उभी राहिले.
उभ्यानेच खाल्ल्या.