अतिसावध वीराचा आवाज

४ मार्च
मिळाला! हिरोचा रोल मिळाला! इतकी वर्षं डबिंग करतोय. आजवर नशिबी काय, तर पहारेकरी, दुसरा सैनिक आणि गर्दी. आता थेट ॲनिमेमधला (म्हणजे जपानी कार्टून) राक्षसांशी लढणारा वीर! हा वीर भलताच सावध. उंदीर मारायचा तरी तीन तलवारी घेऊन निघतो. डायरेक्टर बाई म्हणाल्या, हे तुमच्या रक्तातच आहे. स्तुतीच ती.
ठकूला (कन्या, इयत्ता तिसरी) सांगितलं. तिने तासाभरात अख्खी गल्ली गोळा केली. पहिला भाग बघायला सगळी पलटण आपल्याकडे येणार म्हणे.

५ मार्च
संकल्प : आवाज जपणे. थंड बंद, तळलेलं बंद, बोलणं बंद.
दुपारी दूध उतू चाललेलं हातवारे करून हिला सांगितलं. हिला वाटलं, आनंदाने नाचतोय. दूध गेलं. आवाज मात्र शाबूत.

८ मार्च
पहिलं रेकॉर्डिंग. पडद्यावर वीर तोंड उघडतो आणि म्हणतो, मी येतो. असं बेधडक कसं म्हणणार? मी म्हटलं, सगळं नीट जमलं तर बहुधा मी येतो. बाई म्हणाल्या, त्याचं तोंड मिटलं तरी तुम्ही बोलताय. म्हटलं, भूमिकेत शिरलोय. त्या म्हणाल्या, बाहेर या.
कलेची कदरच नाही लोकांना.

११ मार्च
उद्या शेवटची संधी, असं बाईंनी बजावलंय. ही म्हणाली, लिहिलंय तेवढंच म्हण रे बाबा, पोरगी आस लावून बसलीय. म्हणणार! तयारी जय्यत. मफलर, लवंगा, गरम पाण्याचे थर्मास दोन. एक फुटला तर?

१२ मार्च
स्टुडिओ सातव्या मजल्यावर. लिफ्ट चालू होती, हाच तर धोका. बंद लिफ्टमध्ये कधी कुणी अडकलंय? जिन्याने गेलो, दोन्ही थर्माससकट. माइकपुढे उभा राहिलो तर तोंडातून शब्द फुटेना, नुसती धाप. बाई ओरडल्या, थांबू नका, हेच हवंय!
शेवटी ओळखलं कुणीतरी. वीर आता दुसरा माणूस करणार, माझ्याकडे ड्रॅगन. ठीकच. ड्रॅगन नसेल तर वीराला कुत्रं तरी विचारेल का? ठकूला सांगितलं, रोल वाढलाय. ती म्हणाली, ड्रॅगन काय बोलतो? म्हटलं, बघशीलच.

२ एप्रिल
पलटण आली. ठकू सगळ्यांत पुढे, सगळ्यांना गप्प बसवत.
ड्रॅगन गुहेत झोपलेला. श्वास माझा. काय श्वास! वीर भागभर गुहेबाहेर तयारीच करत बसला. मग आत शिरला आणि ड्रॅगनला झोपेतच संपवलं.
शेजारच्या पोराने विचारलं, तुझे बाबा कुठेयत? ठकूने मेलेल्या ड्रॅगनकडे बोट दाखवलं. पोरं खो खो हसली. ती नाही हसली. मला फार वाईट वाटलं.
सगळे गेल्यावर शेजारी येऊन बसली. म्हणाली, बाबा, तू उठला का नाहीस?
म्हटलं, पुढच्या वेळी दोन गजर लावून झोपेन. एक वाजला नाही तर?