सात नळ्यांचा हुक्का आणि साडूची सही

मी, खाली सही करणारा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा लाकडी हुक्के घडवून विकणे, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने, कुणाच्या धाकाशिवाय आणि कसल्याही नशेशिवाय लिहून ठेवत आहे. नशेचा उल्लेख वकीलबाईंच्या आग्रहावरून केला. धंदा हुक्क्याचा आहे म्हटल्यावर उद्या कुणी शंका काढेल, असे त्यांचे म्हणणे पडले. वास्तविक मी जन्मात एकदाच हुक्का ओढला आणि पहिल्याच दमाला असा ठसका लागला की गिऱ्हाईकच माझ्यासाठी पाणी आणायला धावले. त्यानंतरचा प्रत्येक हुक्का मी कोरडाच फुंकून तपासला.

माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मूळ दाखल्यात त्यांनी "गृहस्थ पूर्ण शुद्धीवर असून विनाकारण आनंदी आहेत" असे लिहिले होते. वकीलबाईंनी अर्धे वाक्य खोडून आणायला लावले. मृत्युपत्र करताना माणसाने निदान थोडे गंभीर दिसावे, असेही त्या म्हणाल्या. मी प्रयत्न केला. जमले नाही. आनंदाला कारण आहे आणि ते कलम तीनमध्ये येईल.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. त्यात मिळकत थोडी आणि शिव्या फार होत्या.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरची गच्ची, माझ्या पश्चात पत्नीचे आणि तिच्या पश्चात मुलीचे. जावई माणूस चांगला आहे, पण त्याने माझ्या हातच्या लाकडाला कसलेही चकचकीत रंग लावू नयेत. मागे त्याने एका हुक्क्याला भोक पाडून दिव्याचा खांब केला होता. तो दिवा त्यालाच देत आहे. एवीतेवी जीव घेतलाच आहे.

कलम दोन. बँकेतली सगळी ठेव पत्नीची. ती कशावर खर्च करते, हे कुणीही विचारू नये. तिला विमानात खिडकीजवळ बसायचे आहे. बसू द्यावे, आणि परत यावेसे वाटेल तेव्हा येऊ द्यावे.

कलम तीन. दुकान. हे कलम लांबेल, याला इलाज नाही.

दुकान मी आणि माझ्या साडूने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, मिळून काढले. मी लाकूड कातायचो, तो गिऱ्हाईक कातायचा. मला मापे कळतात, त्याला माणसे. कुणाला हुक्क्याचे पोट देवदाराच्या फळासारखे हवे असे, कुणाला नळीचे टोक हंसाच्या चोचीसारखे. गिऱ्हाईक जे धड सांगू शकत नसे, ते साडू त्याच्याकडून बरोबर काढून घ्यायचा आणि मी ते लाकडात उतरवायचो. मग एके दिवशी त्याने कारखान्यातला एक पत्र्याचा हुक्का आणला, त्याला लाकडी रंग दिला आणि माझ्या हातचा म्हणून विकला. गिऱ्हाईक खूश होते. मला तेच जास्त लागले.

मी त्याच आठवड्यात दुकानाच्या मधोमध विटांची भिंत घातली. रुंद शटर त्याच्याकडे गेले, बाजूचे अरुंद दार माझ्याकडे राहिले. बायका सख्ख्या बहिणी, त्यामुळे त्यांचे डबे गल्लीतून ये-जा करत राहिले. आम्ही दोघांनी मात्र तोंडाला कुलूप लावले, आणि त्यात कितीतरी वर्षे गेली. रस्त्यात तो समोरून आला की मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकायचो. कंबर धरली ती त्यामुळेच.

गेल्या वर्षी एक निवृत्त बँडमास्तर आले. ते सात भाऊ. संध्याकाळी हुक्क्याभोवती बसत आणि नळी कुणाकडे जास्त वेळ राहिली यावरून रोज हातघाईवर येत. त्यांना सात नळ्यांचा एकच हुक्का हवा होता, सगळ्या नळ्या सारख्या लांबीच्या. शिवाय सांधा कुठेही सुटता कामा नये, नाहीतर एखादा भाऊ आपला भाग काढून घरी नेईल. मी महिनोन्‌महिने दुसरे काम घेतले नाही. शिसवीचे पोट केले, आत तांब्याचे भांडे बसवले, वर माझ्या खांद्याएवढी दांडी चढवली आणि सगळे कायमचे जोडून टाकले. असे काम माझ्या हातून पूर्वी झाले नव्हते.

न्यायला सातही भाऊ हातगाडी घेऊन आले. हुक्का दारापर्यंत आला आणि पोटाशी अडकला. आडवा केला, तिरका केला, उलटा केला. साऱ्या जगाची मापे घेणाऱ्या मी माझ्याच दाराचे माप घेतले नव्हते. चौकट काढू म्हटले तर तिच्यावरच वरचा मजला उभा. सात भावांनी सात मते दिली आणि त्यातले थोरल्याचे मत असे पडले की हुक्का कापावा.

डबा घेऊन आलेली माझी पत्नी भिंतीकडे तोंड करून जरा मोठ्यानेच म्हणाली, की पलीकडचे शटर रुंद आहे म्हणे. मी म्हणालो, त्याच्या पाया पडण्यापेक्षा कापलेला बरा. म्हणालो खरा, आणि करवत उचलली. करवतीचे दात लाकडाला टेकले. डोळ्यांपुढचे दिसेना.

तेवढ्यात भिंतीवर धाडकन घाव पडला. पलीकडून. गिलावा सुटला, दुसरा घाव, तिसरा, आणि एक वीट आमच्या बाजूला येऊन पडली. भोकातून साडूचे तोंड दिसले. पिठाच्या डब्यात पडल्यासारखा तो पांढरा झाला होता.

"पोटाचा घेर किती?" त्याने विचारले.

"तुझ्यापेक्षा दोन बोटं जास्त," मी म्हणालो.

त्याने खाली वाकून स्वतःकडे पाहिले. "मग बरीच भिंत पाडावी लागेल," तो म्हणाला.

मी करवत टाकून हातोडा घेतला. आम्ही दोन्हीकडून घाव घालत होतो आणि हसत होतो. हसता हसता मध्येच मला रडू फुटले, ते धुळीमुळे असे सर्वांनी मानले. हुक्का त्याच्या शटरातून दिमाखात बाहेर पडला. तो हातगाडीवर चढेपर्यंत साडूने त्या सात भावांना सात नक्षीदार झाकणेही विकली. ती अजून बनायची होती.

पत्र्याच्या हुक्क्याचे नंतर कळले. तो त्याने दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, हात जोडून परत आणला होता. मी विचारले, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, "सांगायला आलो होतो. तू विटा उतरवून घेत होतास."

सबब, दुकानातला माझा अर्धा हिस्सा मुलीला देत आहे. ती माझ्याहून बारीक कातते. अट एकच, भिंत पुन्हा बांधायची नाही. भांडायचे असल्यास समोरासमोर भांडावे आणि त्या वेळी हातात हत्यार ठेवू नये.

कलम चार, किरकोळ. ज्या वखारवाल्याने मला ओले लाकूड वाळलेले म्हणून विकले, त्याला त्या लाकडाची उभी तडकलेली दांडी भेट द्यावी. सोबत चिठ्ठी नको, तो ओळखेल. शेजारच्या सुताराकडे माझी लाकूड तासायची रुंद पटाशी आहे. ती त्यालाच राहू द्यावी, पण ती माझी होती एवढे त्याने एकदा चारचौघांत म्हणावे.

कलम पाच. लेथ, म्हणजे माझे लाकूड कातायचे यंत्र. यावरून आज वकीलबाईंच्या कचेरीत गोंधळ झाला.

लेथ मी साडूच्या नावे लिहिले होते आणि शिसवी चौकटीचा आरसा मेहुणीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या. साक्षीदार म्हणून साडूच आला होता, इस्त्रीचा सदरा घालून. वकीलबाईंनी पेन त्याच्या हातून काढून घेतले. मृत्युपत्रात ज्याला काही मिळते, त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याला दिलेले रद्द होते, आणि त्याच्या बायकोला दिलेलेही, असे त्यांनी समजावले. मी म्हणालो, त्यात काय, साक्षीला दुसरा कुणीही मिळेल.

साडूने पेन परत मागून घेतले. मग म्हणाला, "लेथ खोड. हा माणूस शुद्धीवर आहे हे माझ्याशिवाय कोण सांगणार? भिंतीआडून इतकी वर्षं मी त्याचं सगळं ऐकलंय."

सोबत आलेल्या मेहुणीचा चेहरा पडला. आरशाला लाकूड कोणते लावायचे, हे तिनेच निवडले होते. तेव्हा सह्या थांबवून आम्ही दोघे साडू दुकानात गेलो, आरसा भिंतीवरून उतरवला, भर रस्त्यातून धरून आणला आणि मी तो जिवंतपणी, माझ्या हाताने तिला दिला. वाटेत लोक आपापले केस नीट करत होते. आता तो मृत्युपत्रात नाही, त्यामुळे कायद्याचे काही चालत नाही.

लेथ मुलीला. साडूने विचारले, साक्षीदाराने लेथ चालवायला शिकू नये असा काही कायदा आहे का? वकीलबाईंनी पुस्तक उघडून पाहिले. तसा नाही. उद्यापासून शिकवतो. या वयात बोटे सांभाळली म्हणजे मिळवली.

सदर मृत्युपत्र मी स्वतः वाचले, पत्नीला वाचून दाखवले, आणि तिने एका ठिकाणी खोटे आहे म्हटले तरी ते ठिकाण तसेच ठेवून सर्वांसमक्ष सही करत आहे.

ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, खिडकीजवळचे टेबल
दिनांक: शिक्क्यावर आहे तो, वार सोमवार, वेळ चहाची

सही: कातारी, लिहून देणार

साक्षीदार १: डॉक्टर. गृहस्थ शुद्धीवर आहेत. बाकीचे मला लिहू दिले जात नाही.

साक्षीदार २: साडू. वरील मजकूर लिहिताना हा माणूस माझ्या शेजारी बसला होता. मला यातले काहीही मिळत नाही, आणि मी फार खूश आहे.