केसभर वर

३ मार्च
पुन्हा तेच! वाद्यवृंदाच्या संचालकांनी तालीम थांबवली. सगळ्यांसमोर— "दुसरी क्लॅरिनेट, सुराच्या वर जाताय." दुसरी क्लॅरिनेट म्हणजे मी. या आठवड्यात चौथ्यांदा. ओठ सैल सोडले, नळी लांबावी म्हणून जोड बाहेर ओढला— तर मधले सूर खाली पडले, बाकीचे होते तिथेच. सतरा तारखेला चाचणी. त्यात कायम झाले नाही तर घरी बसायचं.

याच वाद्यवृंदातून बाबांना काढलं होतं, माझ्या हातातली हीच क्लॅरिनेट वाजवताना. "कानाने कच्चा" म्हणून. तीस वर्षं झाली. घरात तो विषय कुणी काढत नाही.

५ मार्च
दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. त्यांनी बाबांची क्लॅरिनेट एका नव्या क्लॅरिनेटशेजारी ठेवली. बाबांची बोटभर आखूड! लहानपणापासून हातात आहे, कधी मापली नाही.

"हिच्या काळी काही ठिकाणी सूरच वर लावायचे, म्हणून नळी आखूड," काका म्हणाले. "भोकंसुद्धा त्याच मापाने पाडलीत. ओढून ओढून कितीशी उतरणार?"

"म्हणजे बाबांचा कान—"

"कानाचं मी काय सांगू? वाद्य आखूड आहे, एवढं खरं."

नवी दिली त्यांनी, चाचणीपुरती.

६ मार्च
नवीवर सूर मोजणाऱ्या ट्यूनरचा काटा मधोमध, अगदी सुरात! पण आवाज... बाबांच्या क्लॅरिनेटचा जाडसर, किंचित खरखरीत, कुणी शेजारी बसून बोलावं तसा. हिचा इस्त्री केलेला. बोटं भलतीकडेच पडतात. आई दारातून म्हणाली, "तू वाजवतेयस होय? मला वाटलं रेडिओ." बाबा जेवलेही नाहीत.

९ मार्च
शेवटी सांगून टाकलं. बाबा उसळले— "वाजवता येईना, की वाद्याच्या नावाने बोटं मोडायची!" मी दोन्ही टेबलावर शेजारी ठेवल्या. त्यांनी अंगठ्याने अंतर मोजलं. पुन्हा मोजलं.

"म्हणजे मी बेसूर नव्हतो?"

"नव्हता." अगदी ठणकावून म्हटलं.

रडले. आवाज न करता. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली— "ऐकलंत ना? ऐकलंत ना?"

१३ मार्च
बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत. पोस्टमनला, न्हाव्याला. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही अर्धा तास बसवून ठेवलं, नळ राहिला गळत! इतकं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. काकांचं कानाबद्दलचं वाक्य मी मात्र कुणाला सांगितलेलं नाही.

१७ मार्च
जागा मिळाली!!

१८ मार्च
आज बाबांनी नवी मागून घेतली. डोळे मिटले, एकच लांब सूर लावला. ट्यूनर माझ्या समोरच होता. काटा वर सरकला. जरा थांबले, ओठ आवळले— आणखी वर. तिथे कुठे त्यांचा चेहरा निवळला.

"कसा आहे?"

मी ट्यूनरवर हात ठेवला. म्हटलं, "अगदी बरोबर, बाबा."