फाट्यावर उभा केलेला माणूस

सोमवार, ३ नोव्हेंबर

आलो एकदाचे नाशिकला! एकलहऱ्यात तळमजल्याच्या दोन खोल्या मिळाल्या. घर गल्लीच्या पार आत आहे, पण घरमालकीण ललिताकाकूंनी सामान उतरायच्या आधी चहा पाजला, तेव्हा मी काय तक्रार करणार? बाबांचं हृदय नाजूक, त्यामुळे जिना नाही हेच मोठं सुख. त्यांनी लगेच खुर्ची दारात टाकली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी लेक डॉक्टर आहे हे सांगायला सुरुवात केली.

सायखेड्याकडच्या सरकारी ॲम्ब्युलन्सवर उद्या रुजू व्हायचंय. आज गाडी नुसती बघून आले. पुण्यात खासगी हॉस्पिटलच्या गाडीवर होते तेव्हा एसी होता, परीटघडीची चादर होती आणि नातेवाइकांना पहिला प्रश्न असायचा, कुठल्या हॉस्पिटलात न्यायचं. इथला एसी रुसलेला, चादर विटलेली, पण पहिला प्रश्न काय होतंय हा. मला इथे करमेल असं दिसतंय.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

इथे पत्ता म्हणजे घर नंबर नव्हे, पत्ता म्हणजे माणूस. द्राक्षबागांमधले रस्ते सगळे एकसारखे. म्हणून आमचा ड्रायव्हर सोमनाथ वाटेतूनच पेशंटच्या घरी फोन लावतो आणि सांगतो, एक माणूस फाट्यावर उभा करा, पांढरी गाडी दिसली का हात दाखवा. आज पुंजाबाबांच्या छातीत कळ आली, तर त्यांचा पुतण्या लाल टॉवेल फिरवत उभा होता. पाच मिनिटं उशीर झाला असता तर म्हातारबाबा हातचे गेले असते. वाचले.

संध्याकाळी बाबांना सगळं रंगवून सांगितलं. टॉवेलचा किस्सा त्यांनी दोनदा सांगायला लावला. उद्या ललिताकाकूंना ते तिखटमीठ लावून ऐकवणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज फजिती झाली. कुसाबाई नावाच्या आजींना धाप लागली होती. त्यांचा मुलगा भिका फाट्यावरच होता, पण आम्हाला बघून तोच चक्रावला. म्हणाला, गाडी तर आत्ताच येऊन गेली, मला वाटलं तुमचीच हाय. पांढरी, कुठलंही नाव नसलेली. दोघांनी आईला अलगद उचललं, नाव विचारलं नाही, दुखणं विचारलं नाही. एकाने कपाळावर हात ठेवला, आणि घरचं कोणी चढायच्या आत दार लागलं. चादर काय स्वच्छ होती, लय चांगली माणसं, असं भिकाची बायको पुन्हा पुन्हा सांगत होती.

मला रागच आला. पेशंट पळवणारे खासगी गाडीवाले मी पाहिलेत, पण एक प्रश्नही न विचारणारे नाही पाहिले. परतताना सोमनाथ सारखा आरशातून मागचा रस्ता बघत होता.

शनिवार, १५ नोव्हेंबर

भिका आरोग्य केंद्रात आला होता. त्याची आई कुठल्याच हॉस्पिटलात नाही. ओळखीच्या सगळ्या डॉक्टरांना मी फोन केले, कोणाकडेच नाही. पोलिसांतही तक्रार गेली आहे.

सोमनाथला खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे बोलला. म्हणे, मॅडम, ती गाडी फोनवर येत नाय, रस्त्याला माणूस उभा दिसला का येती. त्याच्या चुलत्यालाही मागच्या वर्षी तिनेच नेलं. मी त्याला झापलं. शिकल्यासवरल्या बाईने असलं ऐकून घ्यायचं म्हणजे झालंच. पण जेवण गेलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

भर दुपारी, गोदावरीच्या पुलावर. पुढे ट्रॅक्टर अडकले होते. ती गाडी आमच्या शेजारी येऊन थांबली. मागची काच लख्ख. आत कुसाबाई. भिकाने फोटो दाखवला होता, त्याच. कपाळावर कोणाचा तरी हात, मायेने फिरणारा.

आणि त्या धापा टाकत होत्या. इतके दिवस! अशा धापेत माणूस एक दिवससुद्धा काढू शकत नाही. त्यांना कुठेही पोचवलेलं नाही. मरूही दिलेलं नाही.

मी उतरून काचेवर हात आपटले. आतल्या कोणी मान वर केली नाही. गाडी शांतपणे निघून गेली. मला भीती वाटतेय, खूप भीती वाटतेय.

गुरुवार, २० नोव्हेंबर

सोमनाथला बजावलं, आता कोणालाही फाट्यावर उभं राहायला सांगायचं नाही. आज यादव नावाच्या माणसाचं घर शोधत बागांमधून नुसते फिरलो. पोचलो तेव्हा तो संपला होता. त्याची बायको म्हणाली, सांगितलं असतं तर मीच उभी ऱ्हायले असते की. तिच्या तोंडाकडे बघवेना.

बाबांना सांगितलंय, दुखलं तर फक्त मला फोन करायचा. कारण सांगितलं नाही. त्यांच्या हृदयाला ते सोसलं नसतं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ललिताकाकूंचा फोन आला. बाबांच्या छातीत कळ. निघालोय. सोमनाथ गाडी दामटतोय. लिहिलं नाही तर किंचाळेन.

काकूंना सांगितलं, दार लावून घ्या, कोणी बाहेर जायचं नाही. बरं म्हणाल्या.

बाबांचा फोन. आवाज खोल गेलेला. म्हणतात, आपली गल्ली तुमच्या ड्रायव्हरला कशी सापडणार, म्हणून काकू पाणी आणायला गेल्या तेवढ्यात मीच नाक्यावर येऊन उभा राहिलो. हातात टॉवेल आहे — मी ओरडले, आत जा, बाबा, आत —

म्हणाले, अगं, दिसली की तुझी गाडी. किती लवकर आलीस —

फोन बंद.

समोरून ती गाडी आली. काचेत बाबा. सोमनाथने आमची गाडी आडवी घातली — तरी गेली, कुठून गेली कळलं नाही —

माणूस उभा दिसला की थांबते ना? मग मी उभी राहते. सोमनाथ रडतोय, हात सोडत नाहीये — सोडवून घेतला —

रस्त्याच्या कडेला आहे. हात वर केलाय. वळून येतेय —

हळू झाली — दार उघडलं — बाबा आहेत! श्वास चालू आहे — मी म्हटलं, मी डॉक्टर आहे, यांची मुलगी आहे, खाली उतरवा यांना — कोणी काही विचारत नाही — सरकून जागा करून दिली — एक जण माझ्या कपाळावर —