धारेवरची तीन शून्यं

१ एप्रिल

पाच दिवस ही वही उशाखाली घेऊन झोपतोय आणि लिहायचं टाळतोय. वारा फार आहे, पाठ दुखते, पेन्सिलीला टोक नाही — बहाणे मला शिकवायला नकोत. टोक आहे. लिहितो.

सत्तावीस तारखेला मी वहीत खोटं लिहिलं. या वहीत नव्हे, बाईंच्या.

बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. निवृत्त झाल्यापासून दर वसंतात डोंगराच्या या धारेवर खोपटं टाकून बसतात आणि उत्तरेला परतणारे शिकारी पक्षी मोजतात. बाज, शिक्रे, ससाणे. एकोणीस वर्षं! यंदा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून डोळे माझे आणि वही त्यांची. मी इथे कसा टपकलो ते पुन्हा कधी. वडील म्हणतात माझ्या पायाला भिंगरी आहे. ती फिरत फिरत इथे येऊन पडली, झालं.

नियम दोनच. पक्षी गरम हवेवर गिरक्या घेत चढतात तेव्हा मोजायचे नाहीत, एकच दहादा मोजला जातो. वर पोचून रांगेने सुटले की मोजायचे. आणि दर तासाला एक रकाना. पाहिलं आणि काहीच गेलं नाही, तर शून्य. पाहिलंच नाही, तर आडवी रेघ.

‘रेघेची लाज वाटू देऊ नकोस,’ बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या. ‘रेघ म्हणजे मला माहीत नाही. एवढं म्हणायला माणसांच्या जिवावर येतं.’

२ एप्रिल

उरलेलं आज. बाई त्या दिवशी शहरात डोळे दाखवायला गेल्या होत्या. सात ते अकरा वर चिटपाखरू नव्हतं — खरंच नव्हतं. माझ्या बुटाचा तळ सुटला होता. म्हटलं, खाली जाऊन शिवून येतो, तासाभराचं काम.

खाली गावात चार माणसं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून फ्रिज आत घालत होती. दोराने! मालकीणबाई वरून ओरडतायत, ‘डावीकडे! अहो तुमचं डावं नाही, माझं डावं!’ असलं सोडून कोण जाईल? मी दोर धरला. फ्रिज आत गेला आणि मग कळलं, स्वयंपाकघराच्या दारातून तो जात नाही. पुन्हा खाली.

परत आलो तेव्हा दोन वाजले होते. तीन रकाने कोरे. रेघा मारल्या असत्या तर बाईंनी विचारलं असतं. सकाळी नव्हते म्हणजे दुपारीही नसणार. काढली तीन शून्यं. छान गोल. बूट तसाच राहिला.

५ एप्रिल

चारशे बारा बाज. बाई खूश.

खाली पाणी भरताना एक ट्रकवाला भेटला. ‘त्या दिवशी दुपारी वर काय पक्ष्यांची गर्दी होती हो! गाडी थांबवून बघत बसलो.’ कुठल्या दिवशी? ‘तुम्ही फ्रिज चढवत होता तेव्हा. मान वर करून तर होता की!’

९ एप्रिल

सुनावणी झाली. एका कंपनीला या धारेवर पवनचक्क्या लावायच्यात. बाईंची वही हाच त्यांच्या वाटेतला एकमेव धोंडा. आणि कंपनीच्या माणसाने तीच वही उघडली! ‘सत्तावीस मार्च. स्वच्छ हवा, ऐन मोसम, भर दुपारचे तीन तास. शून्य, शून्य, शून्य. हे आमचं नाही, बाईंचंच म्हणणं आहे.’

बाईंना म्हणता आलं असतं की पोरगा नवा आहे. त्या उभ्या राहिल्या. ‘शून्य लिहिलंय म्हणजे शून्यच. मला अडचणीचं आहे म्हणून मी ते खोडणार नाही.’

सुनावणीचे साहेब मान खाली घालून लिहून घेत होते. मी मागच्या बाकावर. बूट नाही, तोंड तेवढं शिवलेलं.

१० एप्रिल

सांगून टाकलं. बाईंनी वही मिटली. मग, ‘फ्रिज?’

हो म्हटलं.

‘कितवा मजला?’

तिसरा.

‘एकोणीस वर्षं कोणाची टाप नव्हती या वहीला खोटं म्हणायची. आता मीच म्हणणार.’ कपातला चहा बाहेर ओतला. ‘साहेबांना तू लिहायचंस. तुझ्या हाताने. आणि शुद्धलेखन तपासायला माझ्याकडे आणू नकोस.’

११ एप्रिल

लिहिलं नाही.

१२ एप्रिल

पिशवी भरून निघालो होतो. पहिल्या वळणावर डोक्यावरून रांग सुटली. लांबच लांब. परत पळालो. चांगुलपणा वगैरे काही नाही — वर त्या एकट्याच होत्या आणि त्यांना त्यातलं काही दिसत नव्हतं, एवढंच.

‘सहाशे अठ्ठ्याऐंशी,’ मी म्हटलं.

‘पाहिलेस, की सांगतोयस?’

‘पाहिले.’

त्यांनी आकडा लिहिला. शेजारी कंसात लिहिलं: त्याच्या सांगण्यावरून. मी मागची सगळी पानं चाळली. एकोणीस वर्षांत असला कंस एकही नाही.

१३ एप्रिल

पत्र टाकलं. ‘तीन शून्यं खोटी आहेत. मी तेव्हा खाली फ्रिज चढवत होतो. किती पक्षी गेले मला माहीत नाही.’ खाली सही. एवढ्याला अख्खी सकाळ गेली.

१९ एप्रिल

उत्तर नाही. कोण देतंय! कंपनीची माणसं उतारावर लाल खुंट्या ठोकतायत. एकाने पाणी मागितलं, दिलं. बाई म्हणाल्या, ‘प्यायला की नुसतं लिहून ठेवलंस?’

त्या आता माझ्याकडे पाठ करून बसतात. आज एकतीस शिक्रे. कंसासहित.

२२ एप्रिल

साडेदहा. घाईत लिहितोय. कोणीतरी धापा टाकत चढत होतं, वाटलं खुंटीवाला असेल. सुनावणीचे साहेब आहेत! एकटेच. पाठीला अंथरूण बांधलंय, गळ्यात दुर्बीण. नमस्कार नाही, काही नाही, पहिलंच वाक्य — ‘मोसम संपेपर्यंत मी इथे कुठे झोपू?’